मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की

मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की (२३ जानेवारी, इ.स. १८९७, व्हिएन्ना, ऑस्ट्रिया - १८ जानेवारी, इ.स. २०००, व्हिएन्ना, ऑस्ट्रिया) या ऑस्ट्रियन वास्तुविशारद आणि नाझीविरोधी प्रतिकार चळवळीतील कार्यकर्त्या होत्या. ऑस्ट्रियात वास्तुकलेचे शिक्षण घेऊन व्यवसायात उतरलेल्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. कामगारांच्या लहान घरांसाठी त्यांनी १९२६ साली आखलेले 'फ्रँकफुर्ट स्वयंपाकघर' हे आजच्या बांधीव, सलग ओट्याच्या स्वयंपाकघराचे मूळ रूप मानले जाते. बालवाड्या, शाळा आणि कामगार वसाहती यांवर त्यांनी आयुष्यातील कितीतरी अधिक वर्षे खर्च केली. नाझी राजवटीत चार वर्षांहून अधिक काळ तुरुंगवास भोगला. तरीही जगाने त्यांना ओळखले ते मुख्यतः साडेसहा चौरस मीटरच्या एका खोलीमुळे. ही गोष्ट त्यांना स्वतःला फारशी रुचत नसे.

बालपण आणि शिक्षण

मार्गारेटे यांचा जन्म व्हिएन्नातील एका सुस्थित मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. वडील एर्विन लिहोत्स्की सरकारी नोकरीत होते आणि त्यांची मते उदारमतवादी होती. घरात वाचन-संगीताचे वातावरण होते, पैशाची ओढाताण नव्हती. स्वयंपाकघराशी मात्र मार्गारेटे यांचा संबंध फारसा आला नाही. घरातला स्वयंपाक आई पाहत असे. फ्रँकफुर्ट स्वयंपाकघराचा आराखडा करेपर्यंत आपण कधी घर चालवले नव्हते आणि स्वयंपाकही केला नव्हता, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. प्रत्यक्ष गृहिणीने आपल्या अनुभवातून आखलेले स्वयंपाकघर, अशी या रचनेची जी जाहिरात झाली ती म्हणूनच वस्तुस्थितीला धरून नव्हती. तो आराखडा निरीक्षण, मोजमाप आणि वाचन यांतून आला.

१९१५ साली त्यांनी व्हिएन्नातील उपयोजित कला विद्यालयात प्रवेश घेतला. प्रवेशासाठी त्यांच्या आईने ओळखीतून प्रसिद्ध चित्रकार गुस्टाफ क्लिम्ट यांचे शिफारसपत्र मिळवले होते. मार्गारेटे यांनी वास्तुकला निवडली तेव्हा घरच्यांनी आणि शिक्षकांनीही त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. स्त्रीकडून घर बांधून घेण्यास कोणी पुढे येईल, यावर त्या काळी कोणाचाच विश्वास नव्हता. त्यांचे गुरू ओस्कार श्ट्रनाड यांचेही प्रारंभी हेच मत होते.

याच श्ट्रनाड यांच्या एका सूचनेने मार्गारेटे यांच्या कामाला दिशा मिळाली. १९१७ साली कामगारांच्या निवासासंबंधी एक स्पर्धा जाहीर झाली होती. कागदावर रेघ ओढण्यापूर्वी कामगार प्रत्यक्षात कसे राहतात ते पाहून यावे, असे श्ट्रनाड यांनी सुचवले. त्याप्रमाणे त्या व्हिएन्नाच्या कामगार वस्त्यांतून फिरल्या. युद्धकाळातील त्या वस्त्यांत एकेका खोलीत आठ-नऊ माणसे राहत होती आणि त्याच खोलीत चूल, झोप, आजारपण आणि मुलांचे खेळ असे सर्व काही चालत होते. सुखवस्तू घरातील वीस वर्षांच्या मुलीला हे दृश्य सर्वस्वी नवीन होते. त्या स्पर्धेतील पारितोषिक त्यांना मिळाले. श्रीमंतांसाठी बंगले बांधणाऱ्या वास्तुविशारदांची जगात वाण नाही, आपले काम दुसरीकडे आहे, हा त्यांचा निश्चय याच काळात झाला.

व्हिएन्नातील वसाहतकारांसोबत

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचे साम्राज्य लयास गेले. व्हिएन्नात अन्न नव्हते, सरपण नव्हते आणि घरेही नव्हती. हजारो कुटुंबांनी शहराच्या कडेच्या जमिनीवर स्वतःच झोपड्या उभारून भाजीपाला लावण्यास सुरुवात केली. या उत्स्फूर्त हालचालीला पुढे सहकारी संस्थांचे रूप आले आणि महापालिकेने तिला पाठबळ दिले. वास्तुविशारद आडोल्फ लोस या वसाहत चळवळीत होते. १९२१ पासून मार्गारेटे त्यांच्यासोबत काम करू लागल्या.

येथे त्यांना घराचा हिशेब शून्यातून मांडावा लागला. वसाहतकाराकडे पैसा थोडा, जमीन थोडी आणि वेळ त्याहून थोडा. म्हणून पुढे वाढवता येईल असे गाभ्याचे घर आधी बांधावे, बाकीचे सवडीने, अशा योजना त्यांनी आखल्या. याच सुमारास त्यांनी साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भागांची धुण्या-भांड्यांची एक आटोपशीर खोली तयार केली. तिच्यात मोरी, भांडी विसळण्याची जागा आणि अंघोळीची सोय एकत्र बसवलेली होती. फ्रँकफुर्ट स्वयंपाकघराची बीजे या खोलीत दिसतात, असे अभ्यासक मानतात. स्वस्त आणि टिकाऊ सामान कसे निवडावे याविषयी वसाहतकारांना सल्ला देण्याचे कामही त्या करीत.

या वर्षांत क्षयरोगाने त्यांच्या आई-वडिलांचा मृत्यू झाला आणि त्यांना स्वतःलाही त्याच रोगामुळे काही महिने आरोग्यधामात काढावे लागले. प्रकाश, हवा आणि धुता येण्याजोगा पृष्ठभाग यांविषयीचा त्यांचा पुढील आग्रह केवळ सौंदर्यदृष्टीचा नव्हता.

फ्रँकफुर्ट स्वयंपाकघर

१९२५ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराने घरटंचाईवर मोठ्या प्रमाणावर उपाय योजण्याचे ठरवले आणि वास्तुविशारद एर्न्स्ट माय यांची बांधकाम खात्याच्या प्रमुखपदी नेमणूक केली. पुढील पाच वर्षांत 'नवे फ्रँकफुर्ट' या योजनेखाली शहराभोवती १२,००० हून अधिक घरे उभी राहिली. माय यांनी मार्गारेटे यांचे व्हिएन्नातील काम पाहिले होते. १९२६ च्या प्रारंभी त्यांनी मार्गारेटे यांना बोलावून घेतले.

प्रश्न साधा दिसत असला तरी अवघड होता. भाडे कामगाराला परवडायचे तर घर लहान हवे. घर लहान करायचे तर कोठली जागा कमी करायची? तोवर कामगार कुटुंबाचे जीवन एका मोठ्या स्वयंपाकखोलीभोवती फिरत असे. तिथेच चुलीची ऊब मिळे, तिथेच जेवण, तिथेच मुलांचा अभ्यास, रात्री तिथेच कोणी ना कोणी झोपे. मार्गारेटे यांनी या खोलीचे दोन भाग केले. बसण्या-जेवण्याची खोली वेगळी झाली आणि रांधण्याचे काम सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब, म्हणजे जेमतेम ७० चौरस फुटांच्या जागेत गेले. दोन्हींच्या मध्ये रुंद सरकते दार ठेवले, जेणेकरून स्वयंपाक करतानाही आईची नजर खोलीतील मुलांवर राहावी. चुलीपासून जेवणाच्या टेबलापर्यंतचे अंतर तीन मीटरपेक्षा जास्त नसावे, असा दंडक त्यांनी घालून घेतला होता.

या आखणीमागे दोन प्रेरणा होत्या. पहिली अमेरिकेतून आली. कारखान्यातील कामगाराच्या प्रत्येक हालचालीचे मोजमाप करून वायफळ श्रम काढून टाकण्याची पद्धत फ्रेडरिक टेलर यांनी रूढ केली होती. क्रिस्टीन फ्रेडरिक या अमेरिकन लेखिकेने १९१० च्या दशकात हीच पद्धत घरकामाला लावून दाखवली आणि तिच्या पुस्तकाचा जर्मन अनुवाद झाला. तो मार्गारेटे यांनी बारकाईने वाचला. दुसरी प्रेरणा होती रेल्वेच्या भोजनयानातील मुदपाकखाना. धावत्या गाडीत हात लांबवला की वस्तू मिळेल अशा बोळकंडीत दोन-चार माणसे शंभर माणसांचे जेवण काढत. हे जर तिथे जमते तर घरात का जमू नये, हा त्यांचा प्रश्न होता. कामांचा क्रम त्यांनी घड्याळ लावून तपासला. धान्य काढणे, निवडणे, चिरणे, शिजवणे, वाढणे, मग भांडी आणणे, धुणे, निथळणे आणि जागेवर ठेवणे अशी ती साखळी होती. ज्या वस्तू पाठोपाठ लागतात त्या शेजारी शेजारी आल्या पाहिजेत, हा त्यातून निघालेला नियम.

प्रत्यक्ष रचना तपशिलांनी भरलेली होती आणि तिची खरी गंमत या तपशिलांतच आहे. खिडकीखाली कामाचा ओटा. त्यामुळे चिरताना हातावर उजेड पडे. ओट्यासमोर उंची कमीजास्त करता येणारे फिरते स्टूल होते, कारण भाजी चिरण्यासारखी कामे उभ्याने करण्याची गरज नाही असे मार्गारेटे यांचे मत होते. ओट्यालाच एक खाच ठेवली होती. साले आणि देठे तिच्यातून थेट खालच्या काढत्या खणात ढकलता येत. भांडी धुण्याच्या जागेशेजारी लाकडी पट्ट्यांची निथळण होती. तिच्यात ताटल्या उभ्या ठेवल्या की पुसण्याचे काम वाचे. भिंतीला बिजागरीने जोडलेली इस्त्रीची फळी लागेल तेव्हा खाली पाडता येई. छतावरचा दिवा पट्टीवरून सरकवता येई. कामावर जाणाऱ्या स्त्रियांसाठी उष्णतारोधक पेटी होती. सकाळी उकळी आणलेले भांडे तिच्यात ठेवून निघाले की संध्याकाळपर्यंत अन्न आपोआप शिजून गरम राही.

सर्वांत प्रसिद्ध झाले ते ॲल्युमिनियमचे लहान खण. तांदूळ, साखर, डाळी यांसाठी डझनभराहून अधिक खण एका चौकटीत बसवलेले असत. प्रत्येकाला पुढे मूठ आणि मागे निमुळती चोच. खण ओढून काढायचा आणि चोचीने थेट पातेल्यात जिन्नस ओतायचा. डबा उघडणे, चमचा शोधणे, झाकण लावणे हे सर्व टळले. प्रत्येकावर जिन्नसाचे नाव कोरलेले होते. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा होता, कारण त्या लाकडातील तुरट द्रव्यामुळे पिठात अळी पडत नाही. चिरण्याची फळी बीच लाकडाची, कारण तिच्यावर डाग आणि सुरीचे ओरखडे कमी उठतात. फडताळांना निळसर हिरवा रंग दिला गेला. निळ्या रंगावर माश्या बसत नाहीत असा समज त्यामागे होता. फडताळे जमिनीपासून उचललेल्या काँक्रीटच्या बैठकीवर ठेवली, म्हणजे पाय खाली सरकतो आणि केरही साचत नाही.

सुमारे १०,००० घरांत हे स्वयंपाकघर बसवले गेले. ते भाडेकरूने विकत घ्यायचे सामान नव्हते, तर घराचाच बांधीव भाग होता. त्याचा खर्च बांधकामात धरून भाड्यात अल्पशी वाढ करण्यात आली. या व्यवस्थेचा फारसा उल्लेख होत नाही, पण रचनेइतकीच ती महत्त्वाची होती. सुट्या सामानाला कामगार कुटुंबाकडे पैसे नसत आणि महापालिकेने कर्ज दिले असते ते केवळ बांधकामाला. स्वयंपाकघर भिंतीत बसवल्यामुळे ते 'घर' ठरले.

१९२७ साली मार्गारेटे यांनी याच खात्यातील वास्तुविशारद विल्हेल्म शुटे यांच्याशी विवाह केला.

आक्षेप

या स्वयंपाकघराचे स्वागत झाले तशा तक्रारीही आल्या. ते एका व्यक्तीपुरतेच होते. मुलीने आईला हातभार लावायचा तर दोघींना वळताही येत नसे. जुने जड कपाट ठेवायला जागा नव्हती. पुष्कळ कुटुंबे जेवणाचे टेबल कसेबसे आत कोंबण्याचा प्रयत्न करीत. ठरवून दिलेल्या खणांत दुसरेच जिन्नस भरले जात. ऱ्योमरश्टाट ही वसाहत पूर्णपणे विजेवर चालणारी होती. तेथे विजेच्या शेगडीचे बिल परवडत नसल्याची ओरड झाली.

१९७० च्या दशकात स्त्रीवादी अभ्यासकांनी अधिक मूलभूत आक्षेप घेतला. या रचनेने स्त्रीचे श्रम हलके केले, पण ते श्रम स्त्रीनेच करायचे हे गृहीतही धरले. शिवाय घरातील सर्वांच्या सहवासातून उचलून तिला एका बंद खोलीत एकटे टाकले. आक्षेपात तथ्य आहे. मार्गारेटे यांची बाजूही लक्षात घ्यावी लागते. त्यांच्या दृष्टीने नोकरी करणाऱ्या स्त्रीला दिवसाचे दोन तास मिळवून देणे ही तातडीची गरज होती. सामूहिक स्वयंपाकगृहांचा पर्यायही तेव्हा चर्चेत होता. पण ज्या घरातील कर्ता माणूस बेकार होतो, ते घर अशा सेवेचे पैसे भरू शकत नाही, हा त्यांचा व्यावहारिक मुद्दा होता.

मुंबई आणि पिंपरी-चिंचवड यांच्या संदर्भात

फ्रँकफुर्टमध्ये ही घरे उभी राहत होती त्याच दशकात मुंबईत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे गिरणी कामगारांसाठी चाळी बांधल्या. या बीडीडी चाळींतील एका कुटुंबाची संपूर्ण खोली सुमारे १६० चौरस फुटांची. म्हणजे फ्रँकफुर्टच्या कामगाराचे केवळ स्वयंपाकघर वरळीच्या कामगाराच्या अख्ख्या संसाराच्या निम्म्याला जरा कमी होते. चाळीच्या खोलीत स्वयंपाकघर असे वेगळे नव्हतेच. कोपऱ्यातली चूल, भिंतीवरची मांडणी आणि तिच्यावर ओळीने लावलेले पितळी डबे, हेच स्वयंपाकघर. जागा लावण्याचे शास्त्र तेथेही होते, मात्र ते आराखड्यात नसून बाईच्या हातात होते. खाटेखाली धान्याचे पिंप, पाट भिंतीला टेकवून उभे, विळी मोडून बाजूला.

महाराष्ट्रातील बैठा स्वयंपाक ओट्यावर येण्यास पुढे कित्येक दशके लागली. या बदलाची प्रचिती एका शहरात पाहायची झाल्यास पिंपरी-चिंचवडचे उदाहरण घेता येते. १९५० च्या दशकात पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना सुरू झाला. १९६० च्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रात वाहन व यंत्र उद्योग आले. औद्योगिक कामगारांना परवडणारी घरे व भूखंड मिळावेत या हेतूने १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाची स्थापना झाली. निगडी परिसराला लोक आजही नुसते 'प्राधिकरण' म्हणतात ते त्यामुळेच. कारखाना आधी येतो, माणसे मागोमाग येतात आणि घरे सर्वांत शेवटी, हा क्रम फ्रँकफुर्ट आणि पिंपरीत सारखाच. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या घरात पहाटेचा डबा वेळेवर निघणे ही चैन नव्हे. उंच ओटा, त्यावर गॅसची शेगडी, शेजारी सिंक, खाली भांड्यांच्या जाळ्या आणि वर फडताळ ही जी मांडणी अशा शहरांतील सदनिकांत रुळली, तिच्यात शिधा, चिरणे, शिजवणे आणि धुणे यांचा तोच सलग क्रम दिसतो. ही मांडणी थेट फ्रँकफुर्टहून आली असे म्हणता येणार नाही. युद्धोत्तर युरोप-अमेरिकेत प्रमाणित झालेल्या बांधीव स्वयंपाकघराच्या अनेक वाटांनी ती पोहोचली.

फरकही नमूद करायला हवा. मसाल्याचा डबा, पोळपाट, कुकर, पिण्याच्या पाण्याची भांडी आणि वर्षाचे भरलेले धान्य यांचा विचार मार्गारेटे यांच्या खणांत नव्हता आणि असण्याचे कारणही नव्हते. भाकरी थापायला लागणारी जागा युरोपीय मापात बसत नाही. फोडणीचा धूर आणि तेलाचा चिकटपणा यांमुळे सरकत्या दाराचे महत्त्व आपल्याकडे खरे तर अधिकच ठरावे. प्रत्यक्षात आजच्या सदनिकांत ते दारच गायब झाले आहे.

सोव्हिएत संघ आणि इस्तंबूल

१९३० साली जर्मनीतील आर्थिक व राजकीय परिस्थिती बिघडल्यावर एर्न्स्ट माय यांनी १७ जणांचा गट घेऊन सोव्हिएत संघाचा मार्ग धरला. शुटे दांपत्य या गटात होते. मॅग्निटोगोर्स्क यांसारखी पोलादनगरे ओसाड माळावर उभी करण्याचे ते काम होते. मार्गारेटे यांच्याकडे बालसंस्थांचा विभाग आला आणि येथून पुढे पाळणाघर व बालवाडी हेच त्यांचे मुख्य क्षेत्र राहिले. मुलाच्या उंचीची खिडकी, त्याला स्वतः हात पोहोचेल अशी खुंटी, त्याला उचलता येईल अशी खुर्ची, अशा बाबी त्या मोजून ठरवीत. फ्रँकफुर्टच्या ओट्यामागील विचार या खोल्यांतही होता. १९३४ मध्ये त्यांनी जपान आणि चीनचा प्रवास केला.

१९३७ पर्यंत सोव्हिएत संघात परदेशी तज्ज्ञांना राहणे कठीण झाले. पॅरिस आणि लंडन येथे काम मिळवण्याचा प्रयत्न फसल्यानंतर १९३८ मध्ये शुटे दांपत्य इस्तंबूलला पोहोचले. जर्मनीतून परागंदा झालेले वास्तुविशारद ब्रूनो टाउट तेथील ललित कला अकादमीत होते. त्यांच्या साहाय्याने दोघांना काम मिळाले. तुर्कस्तानच्या खेड्यांसाठी कमी खर्चाच्या शाळांचे नमुने मार्गारेटे यांनी येथे तयार केले. याच शहरात त्यांची ऑस्ट्रियन वास्तुविशारद हर्बर्ट आइखहोल्त्सर यांच्याशी ओळख झाली. नाझींनी गिळंकृत केलेल्या ऑस्ट्रियात गुप्त प्रतिकार उभारण्यासाठी आइखहोल्त्सर माणसे जोडत होते. १९३९ मध्ये मार्गारेटे ऑस्ट्रियन कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्य झाल्या.

अटक आणि तुरुंगवास

डिसेंबर १९४० मध्ये मार्गारेटे स्वेच्छेने व्हिएन्नाला परतल्या. इस्तंबूलमध्ये त्या सुरक्षित होत्या, नोकरी होती, पती तेथेच राहणार होते. परदेशातील गट आणि देशातील भूमिगत कार्यकर्ते यांच्यात संपर्क साधून परत फिरायचे, अशी योजना होती. परतीचा दिवस जवळ आला असतानाच २२ जानेवारी १९४१ रोजी एका उपाहारगृहात एर्विन पुशमान या सहकाऱ्यासोबत गेस्टापोने त्यांना पकडले. त्या वेळी व्हिएन्नात येऊन त्यांना महिनाही झाला नव्हता.

खटल्यात त्यांच्यासाठी मृत्युदंडाची मागणी करण्यात आली होती. प्रत्यक्षात त्यांना १५ वर्षांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. आइखहोल्त्सर आणि पुशमान यांना मात्र १९४३ मध्ये देहदंड देण्यात आला. बव्हेरियातील आइखाख येथील स्त्रियांच्या तुरुंगात मार्गारेटे यांनी उरलेला काळ काढला. २९ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैन्याने त्या तुरुंगातील कैद्यांची मुक्तता केली. या अनुभवांवरील त्यांचे आठवणींचे पुस्तक बरेच उशिरा, १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात स्वतःपेक्षा सोबतच्या स्त्री कैद्यांविषयीचा मजकूर लक्षणीय आहे.

युद्धोत्तर काळ

सुटकेनंतर काही काळ त्यांनी बल्गेरियाची राजधानी सोफिया येथे बालसंस्थांचे काम केले आणि १९४७ मध्ये त्या व्हिएन्नाला परतल्या. बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या शहराला त्यांच्यासारख्या अनुभवी वास्तुविशारदाची नितांत गरज होती. वसाहतींची, शाळांची, बालवाड्यांची कामे निघत होती. ती त्यांच्या वाट्याला आली नाहीत. शीतयुद्धाच्या वातावरणात कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व हा मोठा अडसर ठरला आणि ते सोडण्यास त्या तयार नव्हत्या. महापालिकेकडून पुढील दोन दशकांत त्यांना दोन निवासी इमारती आणि दोन बालवाड्या एवढेच काम मिळाले. पन्नाशीतील, हाती कौशल्य असलेल्या वास्तुविशारदाला तिच्याच शहराने बसवून ठेवले, असेच याचे वर्णन करावे लागेल.

१९५१ मध्ये त्या पतीपासून विभक्त झाल्या. ऑस्ट्रियातील लोकशाहीवादी महिला संघटनेच्या त्या पहिल्या अध्यक्षा होत्या आणि शांतता चळवळीतही सक्रिय राहिल्या. देशात काम नसले तरी बाहेर त्यांच्या ज्ञानाला मागणी होती. चीन, क्यूबा आणि पूर्व जर्मनी येथे त्यांनी बालसंस्थांच्या रचनेविषयी सल्लागार म्हणून काम केले.

उत्तरायुष्य

१९७० च्या दशकापासून आधुनिक वास्तुकलेचे अभ्यासक त्यांच्याकडे वळू लागले. १९८० मध्ये व्हिएन्ना शहराने त्यांना वास्तुकला पुरस्कार दिला. १९८८ मध्ये ऑस्ट्रियाचा विज्ञान व कला यांसाठीचा राष्ट्रीय सन्मान त्यांना जाहीर झाला. परंतु तो राष्ट्राध्यक्ष कुर्ट वाल्डहाइम यांच्या हस्ते स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला. वाल्डहाइम यांच्या महायुद्धकाळातील लष्करी सेवेवरून तेव्हा मोठा वाद चालू होता. पुढे राष्ट्राध्यक्ष बदलल्यावर १९९२ मध्ये त्यांनी तो स्वीकारला. १९९३ मध्ये व्हिएन्नातील उपयोजित कला संग्रहालयाने त्यांच्या समग्र कामाचे प्रदर्शन भरवले. प्रदर्शनात लोक स्वयंपाकघरापाशीच थांबत. आपण केवळ स्वयंपाकघर आखणारी बाई नाही, अशी नाराजी त्यांनी वृद्धापकाळी वारंवार व्यक्त केली आहे.

१९९७ मध्ये, शंभराव्या वाढदिवसाच्या समारंभात त्यांनी व्हिएन्नाच्या महापौरांसोबत वॉल्ट्झ नृत्य केले. वयाची १०३ वर्षे पूर्ण होण्यास पाच दिवस असताना त्यांचे निधन झाले. व्हिएन्नाच्या मध्यवर्ती स्मशानभूमीत शहराने दिलेल्या सन्माननीय जागेत त्यांचे दफन करण्यात आले. स्त्री वास्तुविशारदांनी आखलेल्या व्हिएन्नातील एका मोठ्या निवासी संकुलाला त्यांचे नाव दिले आहे.

फ्रँकफुर्टमधील बहुतेक मूळ स्वयंपाकघरे नूतनीकरणात तोडली गेली. वाचलेली काही न्यूयॉर्क आणि लंडन येथील संग्रहालयांत आहेत. फ्रँकफुर्टच्या ऱ्योमरश्टाट वसाहतीतील एक घर मूळ रूपात जतन केले असून तेथे हे स्वयंपाकघर त्याच्या खऱ्या जागी, शेजारच्या खोलीसह पाहता येते. मार्गारेटे यांनी १९७० पासून अखेरपर्यंत ज्या लहान सदनिकेत वास्तव्य केले आणि जिची अंतर्गत मांडणी त्यांनी स्वतः केली होती, ती व्हिएन्नातील फ्रान्त्सेन्सगासे या रस्त्यावरची सदनिकाही आता लोकांसाठी खुली आहे.